वुडविंड (फ्लूट-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं) शिकवायची पोस्ट घेतोयस? मग हे ऐक

अरे अभिनंदन आधी! पण अमेरिकेतल्या छोट्या युनिव्हर्सिटीत फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, सॅक्सोफोन सगळं एकालाच शिकवावं लागतं आणि वर बँडही गळ्यात, त्यामुळे तुझं मेन सॅक्स असलं तरी रोज अर्धा तास क्लॅरिनेट हातात घेच. सॅक्सवर ऑक्टेव्ह की दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो, क्लॅरिनेटवर रजिस्टर की दाबलीस की सा चा थेट वरच्या सप्तकातला पंचम होतो, सॅक्सवाले हमखास इथेच अडकतात. ओबोची रीड (तोंडात धरून फुंकायची पातळ जोडपट्टी) सुरीने तासायलाही शीक, हिवाळ्यात हीटर लागला की हवा कोरडी पडते आणि काल गोड वाजणारी रीड आज आवाजच देत नाही, तेव्हा पोरगं रडवेलं होऊन तुझ्याकडेच येणार.

बँड लहान आहे म्हणून खचू नकोस, 1952 मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयात फ्रेडरिक फेनेलनी विंड एन्सेंबल (फुंकवाद्यांचा छोटा वृंद) सुरू केलं तेच मुळी साधारण एका पार्टला, म्हणजे प्रत्येक स्वतंत्र ओळीला, एक वादक या हिशोबाने.

मार्चिंग बँड (फुटबॉल मॅचला मैदानात चालत वाजवणारा) असेल तर ऑगस्टपासून शनिवार गेलेच समज. आणि सही करायच्या आधी बँडचे तास टीचिंग लोडमध्ये (शिकवायच्या ठरलेल्या तासांत) किती धरतात ते लेखी घे, मी तोंडी शब्दावर राहिलो आणि दोन वर्षं भोगलं.