वाचक विचारतात : इपॉक्सीचा ठिसूळपणा कसा घालवावा?

प्रश्न : इपॉक्सी रेझिन आणि डीडीएस (डायअमिनोडायफेनिल सल्फोन) या हार्डनरचे तक्ते ओततो. 180 अंशांवर पक्के केल्यावर कडक होतात, पण ड्रिल लावताच भोकापासून तडा जातो. पॉलिइथरइमाइड (पीईआय) हे उष्णता सोसणारे चिवट प्लास्टिक घालून पाहिले, तर गुठळ्या आणि बुडबुडे आले.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पीईआयची निवड योग्य आहे. द्रवरूप रबर हा दुसरा उपाय, पण त्याने ताठरपणा आणि उष्णता सोसण्याची मर्यादा दोन्ही उतरतात. शिवाय डीडीएसने बांधलेल्या रेणूंच्या दाट जाळ्यात रबराचा प्रभाव कमीच पडतो.

इपॉक्सी समतुल्य वजन (एक मोल इपॉक्सी गट किती ग्रॅम रेझिनमध्ये आहेत तो आकडा) 188 असेल, तर 100 ग्रॅम रेझिनला 33 ग्रॅम डीडीएस लागते. एकूण मिश्रणात 15 टक्के पीईआय हवे असल्यास 23.5 ग्रॅम घ्या. 10 टक्क्यांच्या आसपास पीईआयचे सुटे कण विखुरतात आणि फायदा बेताचाच होतो. 15 ते 20 टक्क्यांना दोन्ही घटक एकमेकांत गुंतून सलग राहतात. तडा पुढे सरकायचा तर वाटेतले पीईआय ताणून फाडावे लागते, म्हणून खरा चिवटपणा इथेच मिळतो. 25-30 टक्क्यांपुढे उलटेच होते : पीईआय सलग, इपॉक्सीचे गोळे, आणि सॉल्व्हंटपुढे तक्ता टिकत नाही. या सीमा तापमानानुसार सरकतात, तेव्हा 10, 15 आणि 20 टक्क्यांचे तीन तक्ते करून पाहावेत.

गुठळ्या होतात त्या सगळी भुकटी एकदम ओतल्याने. पिठल्यासारखेच हे : वरचा थर फुगून चिकट होतो, आत कोरडे राहते. भुकटी आधी 150 अंशांवर चार तास वाळवा, मग 140 अंशांच्या रेझिनमध्ये चिमूट-चिमूट सोडत ढवळा. द्रव पारदर्शक झाला की 120-130 अंशांवर आणून डीडीएस विरघळवा, व्हॅक्यूममध्ये हवा काढा आणि गरम साच्यात ओता. 130 अंशांवर दोन तास, मग हळूहळू 180 अंशांवर दोन तास. थेट 180 वर नेले तर जाड तक्ता स्वतःच्याच उष्णतेने जळतो.

पीईआय डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये विरघळवत असाल तर बुडबुडे त्याचेच. ते 40 अंशांनाच उकळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाटलीचे झाकणही जपून उघडा, काम धूरकक्षातच (फ्यूम हूड) करा. व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत ते काढावे लागते, राहिलेला अंश तक्ता मऊ करतो.

पक्के होताना मिश्रण गढुळले तर घाबरू नका. इपॉक्सीचे रेणू वाढतात तसे पीईआय वेगळे पडते, आणि ते व्हायलाच हवे. मात्र हार्डनर घालण्यापूर्वीच गढूळ दिसले, तर पीईआय पुरते विरघळलेले नाही.

प्रश्न : यंत्रमागाच्या फुटलेल्या भागाला लावलेला दोन नळ्यांचा गोंद हादऱ्याने सुटतो. त्यातही हेच मिसळू का?
– कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : नको. गरम न करता वापरायच्या गोंदात पीईआय विरघळणारच नाही, नुसती भर पडेल. रबराने चिवट केलेला तयार इपॉक्सी गोंद घ्या, तेल पूर्ण पुसून पृष्ठभाग सँडपेपरने खरवडा आणि गोंदाचे दोन्ही घटक डब्यावरच्या प्रमाणात मोजून घ्या. लवकर सुकावा म्हणून हार्डनर जास्त टाकला, तर जोड कमकुवत होतो.