देश नंतर, आधी गट बघ

तन्मय,

तुझा मेल लांबलचक, त्यामुळे उत्तरही लांबणार. तू लिहिलंस ते थोडक्यात असं: नागपुरात अमरावती रोडच्या कॅम्पसवरून फिजिक्समध्ये एमएस्सी झाली. प्रोजेक्ट झिंक ऑक्साइडच्या नॅनोरॉड्सवर, गॅस सेन्सर म्हणून. जर्मनीतल्या वातावरण-रसायनाच्या एका संशोधन-गटानं ६५ टक्के पदावरच्या पीएचडीसाठी पुढच्या महिन्यात मुलाखतीला बोलावलंय. इंग्लंडच्या एक वर्षाच्या मास्टर्सचं ऑफर लेटर आलंय आणि नेट परीक्षेतून जेआरएफही (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) लागलीय. बायको हिंगण्याकडच्या शाळांमध्ये मुलींच्या रक्तक्षयावर काम करते, आणि घरचे म्हणून राहिले की जायचं तर दोघांनी जा. आता मला विचारतोस, ताई, कोणता देश बरा?

इंग्लंड आधी निकालात काढते. जानेवारी २०२४ पासून तिथं वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार नेता येत नाही. ती सोय मुख्यतः पीएचडी आणि संशोधनाच्या डिग्र्यांना उरली. म्हणजे कर्ज काढून तू एकटा जाणार, आणि एक एमएस्सी गाठीशी असताना दुसरी घेणार. कन्सल्टन्सीवाले हे आपणहून सांगणार नाहीत. त्यांना पैसे बहुतेक विद्यापीठाकडून मिळतात.

जेआरएफ मात्र हलक्यात घेऊ नको. २०२३ पासून महिन्याला ३७ हजार अधिक घरभाडं, पुढे एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, झालं की ४२ हजार. नीरी ही पर्यावरण-संशोधनाची संस्था १९५८ पासून आपल्याच गावात आहे आणि हवा-पाण्याच्या संशोधनात तिला बाहेर ओळखतात. इथंच पीएचडी करून पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) बाहेर पडणारे मी बरेच पाहिलेत. त्यांची एक जमेची बाजू असते: आपल्याला नेमकं काय शोधायचंय हे त्यांना तोवर कळलेलं असतं. जर्मनीची मुलाखत फसली तर "राहिलो मागे" असं तोंड करून बसू नको, एवढंच.

आता ६५ टक्क्यांचं. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. टीव्ही-एल नावाची सरकारी वेतनश्रेणी, त्यात ई-१३. पूर्ण पदाचा सुरुवातीचा पगार सध्या महिना साडेचार हजार युरोच्या वर आहे. ६५ टक्के म्हणजे साधारण तीन हजार, आणि कर, पेन्शन, आरोग्यविमा कापून हातात येतात दोन हजारांच्या आसपास. एकट्याचं नीट चालतं. दोघांचं चालतं पण हात आखडून, आणि म्युनिकसारख्या शहरात तर घरभाड्यातच अर्धे जातात. पगार ६५ टक्के असला तरी काम शंभर टक्के असतं. कागदावर आठवड्याचे तास कमी लिहिलेले असतात, ते कुणी मोजत नाही. बाकीचे तास तुझ्या थिसिसचे, असं तिथं सगळे धरून चालतात.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हे पैसे किती दिवसांचे. करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि प्रायोगिक विषयात थिसिस तीन वर्षांत क्वचितच संपतो. चौथ्या वर्षी पगार कुठून देणार, हे मुलाखतीत सरळ विचार. तिथं याला आगाऊपणा मानत नाहीत, उलट विचारलं नाही तर नवल वाटतं. त्यांचा एक कायदाही आहे: विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा. पुढे कायमची जागा नसेल तर बहुतेकांना विद्यापीठ सोडावं लागतं. २०२१ मध्ये यावरून तिथल्या तरुण संशोधकांनी मोठा गदारोळ केला होता. कायमस्वरूपी प्राध्यापकीचं स्वप्न घेऊन जाणार असशील तर हे आधी पचव.

गटाबद्दल आणखी एक चौकशी कर. आत्ता तिथं पीएचडी करणाऱ्या दोघांना मेल टाक, शक्यतो एक परदेशी असू दे. गाइड महिन्यातून किती वेळा भेटतो, पेपरचा ड्राफ्ट किती दिवस त्याच्या टेबलावर पडून असतो, मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले. ही तीन उत्तरं विद्यापीठाच्या रँकिंगपेक्षा जास्त सांगतात.

मुलाखतीवर जरा थांबते, कारण तू पाठवलेली स्लाइड बघून मला धास्ती वाटली. तुझा सेन्सर १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर) इथेनॉलला झकास प्रतिसाद देतो, बरोबर? आपल्याकडचे निम्मे पेपर असेच असतात. पण समोर बसलेले लोक वातावरणवाले आहेत. त्यांचं सगळं जग पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकात नायट्रोजन डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे चाळीसेक पीपीबी. तुझे १०० पीपीएम त्याच्या दोन हजार पटींहून जास्त. पहिला प्रश्न इथूनच येणार.

दुसरा प्रश्न यंत्रणेवर. ऑक्साइड तापवलं की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर चिकटतो आणि इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे कडेला इलेक्ट्रॉन नसलेला थर तयार होतो. इथेनॉलसारखा वायू तो ऑक्सिजन वापरून टाकतो आणि सेन्सरचा विद्युत रोध उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड किंवा ओझोन आला की उलटं, रोध चढतो. एवढं तुला येतं. पण तो थर किती जाड आणि तुझा रॉड किती जाड, हे सांगता येतं का? टिन ऑक्साइडवर १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की कण सहा नॅनोमीटरच्या आसपास किंवा खाली गेला की संवेदनशीलता एकदम उसळते, कारण थराची जाडी तीनेक नॅनोमीटर असते आणि दोन्ही बाजू मिळून अख्खा कणच त्यात येतो. तुझे रॉड ८० नॅनोमीटरचे असतील तर आतला बहुतेक भाग नुसता बसून आहे. मग "नॅनो" असल्याचा फायदा नेमका कुठं झाला? हे तूच आधी मांडलंस तर मुलाखत तुझ्या हातात राहते.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो: आर्द्रता. पाण्याचे रेणू त्याच पृष्ठभागावर जागा अडवतात आणि सेन्सरची मूळ रेषाच सरकते. इथं नागपूर तुझ्या कामी येईल. मेमधली कोरडी भट्टी आणि जुलैतली चिकचिक, एकाच गावात दोन महिन्यांच्या अंतरानं. जर्मनीतल्या गटाला अशी परीक्षा प्रयोगशाळेत मुद्दाम उभारावी लागते. मे २०२४ मध्ये आपल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या, आठवतं? हवामान खात्यानं मागून सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तो किस्सा मुलाखतीत सांग. स्वस्त सेन्सर आणि कॅलिब्रेशन यांचं नातं त्या एका उदाहरणात अख्खं येतं, आणि ऐकणारे हसतात ते वेगळंच.

म्हणून अजून महिना आहे तोवर एक काम कर. सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर प्रदूषण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र आहे. त्याचे तासातासाचे आकडे केंद्रीय मंडळाच्या साइटवर फुकट मिळतात. तुझा सेन्सर त्या भागात कुणाच्या तरी गॅलरीत पंधरा दिवस ठेव आणि दोन्ही रेषा एका आलेखावर काढ. जुळल्या नाहीत तरी चालेल, जुळणार नाहीतच. कुठल्या तासांना जास्त फाटल्या, तेव्हा तापमान आणि आर्द्रता काय होती, ओझोन चढलेला होता का, हे बघ. एवढा एक आलेख तुझ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या (एसईएम) दहा फोटोंना भारी पडेल.

गट नेमकं काय करतो तेही नीट वाच. "वातावरण-रसायन" या पाटीखाली फार वेगवेगळी माणसं बसतात. युलिशला सूर्यप्रकाशात उभा असलेला २७० घनमीटरचा टेफ्लॉनचा पारदर्शक कक्ष आहे. त्यात खऱ्या हवेसारखी हवा बनवून प्रक्रिया मोजतात. माइन्झची मॅक्स प्लांक संस्था ॲमेझॉनच्या जंगलातल्या ३२५ मीटरच्या मनोऱ्यावर काम करते. ओझोनवर नोबेल मिळवणारे पाउल क्रुट्झन तिथलेच. लाइपझिगला कण आणि ढगवाले. तुझ्या सेन्सरला यातलं कोण खरंच वापरेल? संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ओझोनशी भिडलं की बारीक कण तयार होतात, हे तुला माहीत असेल तर कळमन्याच्या संत्रा मार्केटमध्ये तुझा सेन्सर काय दाखवेल हा प्रश्न तुझा तूच विचारू शकतोस. असा स्वतःचा प्रश्न घेऊन येणारा मुलगा गाइड लोकांना हवा असतो.

क्वांटम डॉट्सचं, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचं, विचारलंस. २०२३ चं नोबेल मिळाल्यापासून सगळ्यांना तेच करायचंय. बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांचं काम थोरच, पण नुसतं नोबेल बघून विषय बदलू नको. डॉट्समध्ये वापरतात त्या कॅडमियमवर युरोपात विद्युत उपकरणांसाठी ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे, त्यामुळे पुष्कळ गट इंडियम फॉस्फाइडकडे वळलेत, आणि ते बनवायला हट्टी आहे. तुझा ऑक्साइडचा हात बसलाय, तो सोडू नको.

आता घरातलं. जर्मनीत तू कुठल्या व्हिसावर जातोस यावर बायकोचं बरंच अवलंबून. विद्यार्थी म्हणून की संशोधक म्हणून, हे संस्थेला आधीच विचार. नोकरीचा करार असेल तर ते संशोधकाचा यजमान करार देऊ शकतात. त्यावर गेलास की तिला काम करायची मोकळीक मिळते आणि व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो अडकवायची भानगड सहसा येत नाही. नागपूरवाल्यांना मुंबई वकिलात लागते.

व्हिसा हा सोपा भाग. अवघड भाग असा की तुझी लॅब इंग्रजीत चालेल, तिचं क्षेत्र नाही चालणार. किशोरवयीनांच्या आरोग्यावर काम करायचं म्हणजे शाळेत जाऊन चौदा वर्षांच्या पोरीशी बोलायचं, आणि ती पोर जर्मन बोलते. ए-वन, ए-टूच्या प्राथमिक जर्मननं तिथं भागत नाही. तिच्यापुढे दोन वाटा दिसतात: आकडेवारीचं काम, म्हणजे आर किंवा स्टाटासारखं सॉफ्टवेअर नीट येणं, किंवा जागतिक आरोग्याच्या एखाद्या गटात भारतातल्या प्रश्नावर पीएचडी. हायडेलबर्गला असे गट आहेत.

दुसऱ्या वाटेवर तिच्याकडे जे आहे ते तिथं कुणाकडे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, त्यात ६० मिलिग्रॅम लोह. पण आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन नुसत्या लोहानं वर येणार नाही. कोणती मुलगी कुठल्या कारणानं फिकी आहे हे वेगळं काढायचं काम तिनं हिंगण्यात थोडं जरी केलं असेल, तरी तिचं प्रपोजल तिथूनच सुरू व्हायला हवं.

फक्त डेटा लॅपटॉपवर टाकून विमानात बसायचं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी संमती लागते, पालकांची वेगळी. परदेशी संस्थेसोबत आरोग्य-संशोधन करायचं तर केंद्राच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि तिला वेळ लागतो. तिच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीला आत्ताच पत्र जाऊ दे. नावं, शाळा, आधार नंबर काढून टाकलेलीच फाइल पुढे जाईल, हे संस्थेकडून लिहून घ्या.

तुम्हा दोघांचं काम एका जागी भेटतंही बरं का. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा १० ते १८ या वयात पाठपुरावा करणारा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. जिथं नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक कण जास्त, तिथल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ कमी भरली. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांभोवतालच्या शाळांत असं कुणी मोजत असेल तर मला आवडेल. मुलाखतीत मात्र याची मोठी योजना मांडू नको, पीएचडीला एकच प्रश्न पुरतो.

बारीकसारीक पटकन. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, त्याशिवाय बाकीची कामं अडून राहतात. दर घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचा आकार, टीव्ही नसला तरी. सावजी मसाला बॅगेत चालतो, तूप नाही; दुधाचे पदार्थ आणि मांस ईयूबाहेरून आणायला बंदी आहे.

आलेख झाला की पाठव, रविवारी बघते आणि मुलाखतीचे प्रश्न काढून देते. आणि तिचा सीव्ही तिलाच पाठवू दे. तुझ्या मेलच्या शेवटी "बायकोसाठी पण काही असेल तर बघा" अशी एक ओळ होती, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही.