लेखनाची देवता : थॉथ की सेशात?

प्रश्न : प्राचीन इजिप्तमध्ये थॉथ हा लेखनाचा देव होता, असे वाचले होते, परंतु एका शिल्पाच्या छायाचित्रात सेशात नावाची देवी लिहिताना दिसली. या दोघांपैकी लेखनाची देवता नेमकी कोण? आणि नोंदी ठेवण्यासारख्या रुक्ष कामाला देवता कशासाठी हवी होती?

उत्तर : मान दोघांचाही आहे. लेखनविद्या थॉथने दिली, अशी श्रद्धा होती. त्याचे मस्तक आयबिसचे, म्हणजे आपल्याकडच्या पांढऱ्या शराटीच्या भाऊबंद पक्ष्याचे. परलोकात मृताचे हृदय तराजूत तोलले जात असताना निकाल लिहून घेण्याचे कामही त्याच्याकडेच असे.

सेशात या नावाचा अर्थच मुळी ‘लिहिणारी’ असा आहे. अंगावर बिबळ्याचे कातडे पांघरलेली ही देवी खजुराच्या फांदीच्या दांड्यावर खाचा पाडून राजाच्या कारकिर्दीची वर्षे मोजते. अबुसीर येथे साहुरे राजाच्या पिरॅमिडलगतच्या मंदिरात तर ती लिबियातून लूट म्हणून आणलेल्या जनावरांची मोजदाद लिहून घेताना कोरलेली आहे. हे शिल्प सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे. राज्याचा सारा व्यवहार धान्याच्या मापावर चालत असल्याने मोजणे आणि लिहून ठेवणे यांवाचून तेथे पान हलत नसे.

‘रुक्ष’ हा आपला शब्द मात्र मला पटत नाही. राजांची थडगी खोदणारे कारागीर दैर अल-मदिना या वस्तीत राहत आणि त्यांना वेतन धान्यरूपाने मिळे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 40व्या वर्षी त्यांच्या गैरहजेरीची नोंद चुनखडीच्या एका मोठ्या कपच्यावर केली गेली. हा कपचा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर सुमारे 40 कामगारांची नावे असून प्रत्येकापुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईने, तर त्यांवर कारणे बारीक अक्षरांत तांबड्या शाईने लिहिली आहेत. कोणाला विंचू चावला होता, कोणाचे डोळे आले होते, कोणी घरी बिअर तयार करीत होता, तर कोणी आईच्या दफनविधीत गुंतला होता. या माणसांचे सुखदुःख राजस्तुतीच्या कोणत्याही शिलालेखात आलेले नाही. हजेरी घेणाऱ्या लेखनिकाने नुसता खाडा मांडून न थांबता त्याचे कारणही लिहिले, म्हणूनच ते आपल्याला वाचता येते.