होडीचा ट्रेलर पहिल्यांदाच ओढताना

होडीचा ट्रेलर पहिल्यांदा ओढताना पिकअपची ताकद पुरेल का, अशी शंका येणे योग्यच आहे, मात्र नवखे चालक बहुधा ताकदीपेक्षा वजनाच्या विभागणीत चुकतात. होडीच्या माहितीपत्रकातील वजनात इंजिन, इंधन, नांगर आणि ट्रेलर धरलेले असतीलच असे नाही, म्हणून सर्व सामानासह ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन तो आकडा गाडीच्या मर्यादेशी ताडून पाहावा. एकूण वजनाचा साधारण १० टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलरच्या पुढच्या टोकाची जोडणी बसते) यायला हवा. तो फार कमी असला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तसे झाल्यास जोरात ब्रेक दाबू नये किंवा स्टिअरिंगशी झटापट करू नये, तर ते सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा.

निघण्यापूर्वी एवढे तपासावे:

- गोळ्याचा आकार जोडणीशी जुळतो का, आणि तिचा खटका पूर्ण बसला आहे का.
- सुरक्षा साखळ्या जोडणीखालून एकमेकींना छेदून बांधल्या आहेत का.
- दिवे लागतात का, आणि टायरमध्ये पुरेशी हवा आहे का.

मागे घेण्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवल्यास तो ज्या बाजूला न्याल, त्याच बाजूला ट्रेलरचा मागचा भाग वळतो. होडी पाण्यात सोडण्याच्या उतारावर पोहोचल्यावर घाई करू नये (मागे रांग असली तरीही), कारण प्रवासात तापलेले ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग थंड पाण्यात एकदम बुडाले की पाणी आत ओढले जाते. लांबचा प्रवास आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या उपकरणाची) जुळवणी यांकडे नंतर वळू.