वायूंच्या वर्णपटात करिअर? ऐरोलीच्या एका आईला उत्तर

प्रश्न: माझी मुलगी ठाण्यातल्या कॉलेजात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. मेजर भौतिकशास्त्र, मायनर गणित. एक व्याख्यान ऐकून आल्यापासून तिचं ठरलंय की रेणूंची स्पेक्ट्रोस्कोपी आणि वायूंतून प्रारण (रेडिएशन) कसं जातं यावर संशोधन करायचं. घरातले सगळे म्हणतात, डेटा सायन्स कर. यात पोट भरेल का? रेडिएशनचं काम म्हणजे तब्येतीला धोका आहे का? आत्ता तिने नेमकं काय करावं? आणि त्यासाठी ती ऐंशी हजारांचा लॅपटॉप मागतेय, तो घ्यावा का? – एक पालक, ऐरोली

उत्तर: ताई, तब्येतीचा प्रश्न आधी उरकू. मुलगी ज्या प्रारणाबद्दल बोलतेय ते बहुतांशी इन्फ्रारेड, म्हणजे उन्हात तापलेल्या गच्चीतून रात्री निघत राहतं तेच. एक्स-रे किंवा किरणोत्सर्गी पदार्थांशी त्याचा संबंध नाही. अशा लॅबमधले खरे धोके वेगळे आहेत. इन्फ्रारेड लेसरचा झोत दिसत नाही, त्यामुळे तो डोळ्यात गेल्याचं उशिरा कळतं. कार्बन मोनॉक्साइडचा सिलिंडर गळू शकतो. बंद खोलीत द्रवरूप नायट्रोजन उकळत राहिला तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो. त्या लेसरसाठीचे चष्मे, गॅस डिटेक्टर आणि चालू एक्झॉस्ट या तीन गोष्टी लॅबमध्ये आहेत का, हे तिने पहिल्याच दिवशी बघावं. नसतील तर विचारायला लाजू नये.

आता विषयाकडे वळू. यात दोन वेगळी कामं आहेत आणि माणूस शेवटी बहुतेक एकातच मुरतो. पहिलं काम रेषांचं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकण्याच्या कंपनामुळे १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास शोषण करतो आणि ताणाच्या कंपनामुळे ४.३ मायक्रॉनला. पण हा प्रत्येक पट्टा जवळून पाहिला तर रेणूच्या फिरण्यामुळे सुट्या झालेल्या असंख्य बारीक रेषा दिसतात. एकेक रेषा कुठे आहे, किती तीव्र आहे, दाबाने किती रुंदावते, हे प्रयोगाने मोजणं किंवा क्वांटम गणिताने काढणं म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. ही माहिती हिट्रान नावाच्या डेटाबेसमध्ये जमा होते. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली, १९७३ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला आणि आज हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्र तो सांभाळतं. प्रत्येक रेषेचा सातबाराच म्हणा.

दुसरं काम या रेषा घेऊन हवेच्या थरांमधून प्रकाशाचा हिशोब मांडण्याचं. वायूतून जाताना प्रकाश किती घटतो ते सांगणारा बीअर-लॅम्बर्टचा नियम मुलीला येत असेल, पण तो इथे पुरत नाही. वायू नुसता शोषत नाही, आपल्या तापमानानुसार उत्सर्जनही करतो, म्हणून श्वार्झशिल्डचं समीकरण वापरावं लागतं. उपग्रह १५ मायक्रॉनला खाली बघतो तेव्हा त्याला ठाण्याची खाडी दिसतच नाही, वरचा साधारण २२० केल्विनचा गार थर दिसतो. ११ मायक्रॉनच्या 'खिडकीतून', म्हणजे जिथे हवा फारसं शोषत नाही तिथून मात्र, ढग नसतील तर, थेट जमीन दिसते. इन्सॅट-३डी या आपल्या हवामान उपग्रहाच्या साउंडरवर (हवेचे थर मोजणाऱ्या उपकरणावर) १९ चॅनल होते आणि वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान काढणं याच फरकावर चालतं. हवामानाच्या मॉडेलमध्ये लाखो रेषा एकेक करून मोजायला वेळ नसतो, म्हणून त्यांचे गट पाडतात. आर.आर.टी.एम.जी. ही प्रचलित पद्धत दीर्घ तरंगलांबीचा भाग १६ पट्ट्यांत बसवते. हे गट चुकले तर मॉडेलमधल्या हवेचं तापणं-निवणंच चुकतं.

मुलीला यातलं कोणतं काम आवडेल हे व्याख्यान ऐकून कळणार नाही. घरबसल्या, फुकटात कळेल. तिला पुढची महिनाभराची कामगिरी द्या.

हिट्रानवर मोफत नोंदणी करायची आणि पायथॉनमध्ये हापी ही त्यांचीच लायब्ररी बसवायची. कार्बन मोनॉक्साइडच्या मुख्य समस्थानिकाच्या रेषा २००० ते २२५० प्रति सेंटिमीटर (ही तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लाटा बसतात तो आकडा) या टप्प्यात उतरवून घ्यायच्या. तापमान २९६ केल्विन, दाब एक अ‍ॅटमॉस्फिअर, नळी १० सेंटिमीटरची आणि हवेत वायू हजारात एक भाग. आलेख काढला की २१४३ च्या आसपास मध्ये रिकामी जागा आणि दोन्ही बाजूंना रेषांची रांग दिसेल. शेजारच्या रेषांत सुमारे ३.८ चं अंतर, एकीकडे ते वाढत जातं, दुसरीकडे घटतं. ते का घटतं-वाढतं, हे तिने वहीत स्वतः काढावं. सगळ्यात मोठी रेषा फिरण्याच्या सातव्या पातळीच्या आसपास सुरू होते आणि तिथे चाळीसएक टक्के प्रकाश गिळला जातो. वायूचं प्रमाण दहापट केलं की रेषेचं टोक तळाला टेकतं आणि पुढे रेषा फक्त रुंद होत जाते. तापमान १००० केल्विन केलं की मोठी रेषा तेराव्या पातळीकडे सरकते. धुराड्यातल्या वायूचं तापमान लांबूनच मोजता येतं ते याच सरकण्यावरून.

इथे हमखास चुका होतात. हिट्रानमधल्या तीव्रतेत समस्थानिकाचं नैसर्गिक प्रमाण आधीच धरलेलं असतं. विद्यार्थी पुन्हा त्याने गुणतात. कार्बन मोनॉक्साइडच्या मुख्य समस्थानिकात फरक एखाद-दीड टक्क्याचा, म्हणून चूक लपते. दुर्मीळ समस्थानिकाला उत्तर शंभरपट चुकतं. दुसरी चूक आलेखाच्या पावलाची, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंतल्या अंतराची. नेहमीच्या दाबाला रेषेची अर्धी रुंदी ०.०६ च्या आसपास, तेव्हा ०.०१ चं पाऊल चालतं. दाब शंभराव्या भागावर आणला की रेणूंच्या वेगामुळे येणारी डॉप्लर रुंदी, सुमारे ०.००२५, तेवढीच उरते. मग ०.०१ चं पाऊल रेषेच्या टोकावरून उडी मारून जातं आणि वायू जवळपास नाहीच असं उत्तर येऊ शकतं. तिसरी चूक सगळ्यात चिवट आहे. उपकरणाच्या अस्पष्टतेचा परिणाम घालायचा तो पलीकडे पोचलेल्या प्रकाशावर; लॉगरिदम घेऊन काढलेल्या शोषणावर नाही. क्रम उलटा केला की गणिताचा आणि प्रत्यक्ष मोजणीचा मेळ कधीच बसत नाही आणि दोष उगाच सिलिंडरला दिला जातो.

या चुका शोधताना ती रात्री अकरालाही खुर्चीतून उठायला तयार नसेल, तर आवड खरी. आलेख एकदा आला आणि तिने लॅपटॉप मिटून ठेवला, तर तिला व्याख्यान आवडलं होतं असं समजा. त्यात वाईट काही नाही, आत्ताच कळलेलं बरं.

प्रयोगाकडचा कल तपासायचा तर दोन उपाय. कार्बन डायऑक्साइडचा इन्फ्रारेड सेन्सर काही हजारांत मिळतो, तो ४.२६ मायक्रॉनचं शोषण बघतो. आठवडाभर तो घरात लावायचा. बरेच सेन्सर 'गेल्या काही दिवसांतलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे मोकळी हवा' असं धरून स्वतःला आपोआप जुळवतात. खिडक्या बंद ठेवलेल्या, सतत माणसं असलेल्या खोलीत हे गृहीतक कोसळतं आणि वाचन हळूहळू खाली घसरतं. हे तिने स्वतः पकडलं तर उपकरणांची नजर आहे. दुसरा उपाय म्हणजे कॉलेजातलं किंवा एखाद्या विभागातलं एफ.टी.आय.आर., म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट काढणारं यंत्र, जवळून बघणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची खरी परीक्षा होते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या आणि आतला, प्रकाशाचा झोत दुभागणारा बीमस्प्लिटर दमट हवेत धुरकट होतात. त्यासाठी सिलिका जेल वेळेवर बदलायचं, यंत्र सुट्टीतही चालू ठेवायचं, शक्य असेल तर कोरडा नायट्रोजन सोडायचा. शिवाय खोलीतल्याच हवेतली वाफ आणि चालवणाऱ्याचा श्वास वर्णपटात उतरतो. २३४९ जवळचा उंचवटा नमुन्याचा की माणसाचा, हे ओळखावं लागतं. ४ प्रति सेंटिमीटरच्या नेहमीच्या सेटिंगला कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा सुट्या दिसतच नाहीत, ०.५ वर दिसतात, पण स्कॅनला वेळ जास्त लागतो.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. बी.एस्सी. सोडून इंजिनिअरिंगला जायचं कारण नाही. टी.वाय.मध्ये जॅमची, म्हणजे एम.एस्सी. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यायची. भौतिकशास्त्राचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. त्यावर पवईसह आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. मिळू शकते. जोडीला जेस्ट (संशोधन संस्थांमधल्या प्रवेशाची संयुक्त परीक्षा) आणि टी.आय.एफ.आर.ची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा द्यावी. नाही जमलं तर कलिन्याचा विद्यापीठाचा विभाग आहे, किंवा पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, जो प्रारणाच्या बाजूला जवळचा. चौथं वर्ष करून ऑनर्स विथ रिसर्च घेण्याचा पर्यायही आता आहे. माझं मत विचाराल तर त्यासाठी कॉलेजात खरोखर संशोधन करणारा मार्गदर्शक असेल तरच घ्यावा, नाहीतर एम.एस्सी. बरी. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऐरोलीहून फार लांब नाही. तिथल्या, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या नियस उपक्रमाची आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपची जाहिरात तिने लक्ष ठेवून बघावी. गणिताचा मायनर सोडू नये. रेषीय बीजगणित, डिफरन्शियल समीकरणं आणि फूरिए यांशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही.

आता पोटाचा प्रश्न. आकडे स्पष्ट सांगतो. एम.एस्सी. होईपर्यंत ती बाविशीत, पीएच.डी. होईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस, मग दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, बहुधा बाहेरगावी. कायमची संशोधनाची जागा मिळालीच तर तिशी ओलांडल्यावर. नेट-जे.आर.एफ. (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर २०२३ च्या दरांप्रमाणे पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी.त घरातून पैसे घालावे लागत नाहीत, पण साठतही नाहीत. त्या वर्षांत घरावर कर्ज असेल किंवा धाकट्याचं शिक्षण तिच्यावर अवलंबून असेल, तर हा हिशोब आजच तिच्यासमोर बसून मांडा. 'बघू पुढे' म्हणू नका.

जागा कुठे आहेत? तुर्भे ओलांडून ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे अणू-रेणूंच्या स्पेक्ट्रोस्कोपीवर मोठं काम चालतं. एम.एस्सी.नंतर प्रशिक्षणासाठी निवड होते, पण खुल्या गटाला २६ ची वयोमर्यादा असल्याने हा निर्णय पीएच.डी.च्या आधीच घ्यावा लागतो आणि कोणत्या विभागात टाकायचं ते केंद्र ठरवतं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे; तिथला भर वरच्या वातावरणावर. हवामानाच्या मॉडेलसाठी पुण्याची आय.आय.टी.एम. (भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था), उपग्रहांसाठी अहमदाबादचं इस्रोचं केंद्र, खगोलाकडे वळायचं तर पुण्याची आयुका.

आणि तुमच्या घराजवळच, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एम.आय.डी.सी.त, एक बाजू आहे जिच्याकडे कोणी बघत नाही. प्रदूषण करणाऱ्या मोठ्या उद्योगांना चिमणीतल्या वायूंची सतत मोजणी करावी लागते आणि ती मोजणारी विश्लेषक यंत्रं याच विज्ञानावर चालतात. तिथे नेहमीची तक्रार असते की सल्फर डायऑक्साइड कमी दाखवतो. कारण बहुतेकदा विश्लेषकात नसतं. चिमणीपासून यंत्रापर्यंतची नळी नीट तापवलेली नसते, वाफेचं पाणी होतं आणि वायू त्या पाण्यात विरघळून जातो. कधी मात्र वाफेच्या रेषा वायूच्या रेषांवर चढतात आणि वाचन उलट फुगतं. रेषांची समज असलेला माणूस अर्ध्या तासात दोष सांगतो, नसलेला सुटे भाग बदलत बसतो. एम.एस्सी.नंतर अशा उपकरणांच्या कंपन्यांत अ‍ॅप्लिकेशन किंवा कॅलिब्रेशनचं काम मिळू शकतं, आणि ते पीएच.डी.चा बेत बारगळल्यावर करायचं कमी दर्जाचं काम नाही.

डेटा सायन्सबद्दल घरातल्यांना एवढंच सांगा, की वर सांगितलेला महिन्याचा अभ्यास म्हणजे पायथॉन, मोठा डेटा आणि मॉडेल मोजणीशी जुळवणं हेच आहे. उपग्रहाच्या वर्णपटावरून वायूचं प्रमाण काढणं हा तर सांख्यिकीचाच कठीण प्रश्न. एम.एस्सी.नंतर तिला तिकडे वळावंसं वाटलं तर दार उघडं राहील. उलट दिशेने, डेटा सायन्सची पदवी घेऊन स्पेक्ट्रोस्कोपीत येणं फार अवघड.

लॅपटॉप ऐंशी हजारांचा घेऊ नका. सांगितलेला सगळा अभ्यास ८ जी.बी. रॅमच्या साध्या यंत्रावर होतो. एखादा मोठा टप्पा अडला तर तरंगसंख्येचे तुकडे करून चालवायचा, किंवा मोफत क्लाउड नोटबुक वापरायचं. ग्राफिक्स कार्डाची गरज आत्ता नाही. पुढे खरोखर मोठी गणितं आली तर ती संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर) चालतात, घरच्या यंत्रावर नाही. घरात जुना चालू लॅपटॉप असेल तर त्यात फक्त एस.एस.डी. बसवून घ्या.