वकिलीतून काँग्रेसमध्ये, तिथून फेडरल न्यायपीठावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश होण्यासाठी किती वर्षांची वकिली लागते?

राज्यघटनेत अशी अट नाही. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; तिच्या प्रतिनिधीगृहासाठी किमान वय २५ आणि ७ वर्षांचे नागरिकत्व, सिनेटसाठी ३० आणि ९, असे स्पष्ट लिहिले आहे. न्यायाधीशाचे वय, पदवी किंवा सनद यांबद्दल मात्र एक शब्दही नाही. प्रत्यक्षात अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची समिती उमेदवाराची पारख करते आणि तिला साधारण १२ वर्षांचा वकिलीचा अनुभव अपेक्षित असतो. तिचा अभिप्राय बंधनकारक नसला तरी प्रतिकूल पडला तर नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये विरोधकांना आयता मुद्दा मिळतो.

ज्यांनी उमेदीची वर्षे सभागृहातच घालवली, त्यांची इथे पंचाईत होते. जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावे रोजचेच, त्यामुळे कोर्टात उभे राहून खटले चालवले आहेत का, हे बारकाईने पाहिले जाते. कॉन्स्टन्स बेकर मोटली यांची ती बाजू भक्कम होती. नागरी हक्कांचे अनेक खटले चालवून त्या १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर गेल्या आणि १९६६ मध्ये तिथल्याच फेडरल जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाल्या.

प्रश्न : काँग्रेसचा सदस्य मुदत संपण्याआधी न्यायाधीश होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमातले दोन अडथळे पार करावे लागतात. पहिला सोपा आहे : दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळता येत नाहीत, म्हणून शपथ घेण्यापूर्वी राजीनामा द्यायचा. दुसरा अवघड. ज्या मुदतीसाठी सदस्य निवडून आला, त्या मुदतीत जे पद नव्याने निर्माण झाले किंवा ज्याचे वेतन-लाभ वाढले, त्या पदावर ती मुदत संपेपर्यंत त्याची नेमणूक होऊ शकत नाही. राजीनामा दिला तरी ही मुदत आटोपती होत नाही, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रतिनिधीगृहाची मुदत २ वर्षांची, सिनेटरची ६ वर्षांची. म्हणून सिनेटर या कचाट्यात सापडण्याची शक्यता जास्त.

अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्याच वर्षी न्यायमूर्तींच्या निवृत्तीचे लाभ वाढल्याचा आक्षेप निघाला. न्यायालयाने तो गुणदोषांवर ऐकलाच नाही. आक्षेप घेणाऱ्याचे स्वतःचे थेट नुकसान झालेले नाही, असे सांगून फेटाळला. इलिनॉयचे अ‍ॅबनर मिक्वा १९७९ मध्ये प्रतिनिधीगृहातून वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले, तेव्हा वेतनवाढीवरून सिनेटर मॅक्लूर यांनी दावा लावला. तोही दावा लावण्याच्या अधिकारावरच अडला. मूळ प्रश्नाचा निकाल या दोन्ही वेळी लागलाच नाही, तेव्हा ‘आजवर चालले, पुढेही चालेल’ असे धरून चालणे धोक्याचे आहे. नाव पुढे जाण्यापूर्वी त्या मुदतीतला वेतनविषयक प्रत्येक कायदा तपासून घ्यावा.

प्रश्न : सिनेटर आपल्याच सहकाऱ्याला सहज मंजुरी देतात का?

पूर्वी देत. ब्लॅक यांचे नाव १२ ऑगस्टला आले आणि १७ ऑगस्टला ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूरही झाले. पुढच्याच महिन्यात ते पूर्वी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे सदस्य होते, याचा पुरावा वर्तमानपत्राने छापला. घाईत चौकशी राहून गेली की असे होते.

आता राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा पार्श्वभूमी तपासते, सिनेटची न्यायविषयक समिती लांबलचक प्रश्नावली भरून घेते आणि सुनावणी व समितीचे मतदान झाल्यावर नाव सभागृहापुढे येते. जिल्हा न्यायालयासाठी त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांची ‘निळी चिठ्ठी’, म्हणजे नावाला त्यांची संमती आहे की नाही हे कळवणारा कागदही महत्त्वाचा ठरतो. लोकप्रतिनिधीची खरी अडचण प्रश्नावलीत असते, कारण भाषणे, लेख, जाहीर विधाने असे सगळे त्यात मागितले जाते. मिक्वा यांच्या बंदूक नियंत्रणाच्या भूमिकेमुळे बंदूकधारकांच्या संघटनेने जोरदार विरोध केला आणि त्यांचे नाव ५८ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर झाले. जुने भाषण गाळू नये. भाषणापेक्षा ते दडवल्याचा ठपका अधिक महागात पडतो.

प्रश्न : ज्या कायद्याला आपण मत दिले, त्यावरचा खटला न्यायाधीशाने ऐकावा का?

केवळ मत दिले म्हणून बाजूला व्हावे लागत नाही. किमान वेतन आणि कामाच्या तासांच्या कायद्याचा पाठपुरावा ब्लॅक यांनी सिनेटमध्ये केला होता, तरी १९४१ मध्ये तो कायदा वैध ठरवणाऱ्या निकालात ते सहभागी होते. मात्र त्याच वादात पूर्वी सरकारी वकील किंवा सल्लागार म्हणून काम केले असेल, तर बाजूला व्हावेच लागते. आमच्या मते विधेयक कसे घडते, तडजोडी कुठे होतात, हे जवळून पाहिलेला न्यायाधीश कायद्याचा अर्थ लावताना उपयोगी पडतो. असे न्यायाधीश आणखी हवेत.

प्रश्न : न्यायाधीशपदावरून पुन्हा राजकारणात जाता येते का?

राजीनामा देऊन, हो. आचारसंहितेनुसार पदावर असताना पक्षाला देणगी देता येत नाही, कुणाला जाहीर पाठिंबा देता येत नाही आणि उमेदवार व्हायचे तर पद सोडावे लागते. मिक्वा १९९४ मध्ये न्यायपीठ सोडून व्हाइट हाउसचे विधी सल्लागार झाले. फ्लोरिडाचे अ‍ॅल्सी हेस्टिंग्ज यांची वाट अगदी निराळी : १९८९ मध्ये महाभियोगाने त्यांचे न्यायाधीशपद गेले, पण सिनेटने पुढील पदांसाठी अपात्रतेची वेगळी शिक्षा दिली नाही. ते १९९२ मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि २०२१ मध्ये मृत्यू होईपर्यंत सदस्य राहिले.