मातीत तांबे सारखेच, मग गांडुळे एकीकडेच का?

प्रश्न : माझी सिंधुदुर्गात सुपारीची बाग आहे आणि मेहुण्यांची नाशिकजवळ द्राक्षबाग. दोन्हीकडे वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांचे बुरशीनाशक) फवारले जाते. माती तपासली तेव्हा एकूण तांबे जवळजवळ सारखेच निघाले. तरी त्यांच्याकडे गांडुळे आहेत आणि आमच्याकडे दिसेनाशी झाली आहेत. असे का व्हावे?

उत्तर : ‘एकूण तांबे’ या आकड्यावरून मातीत तांबे किती आहे ते कळते, गांडुळाच्या वाट्याला किती येते, ते कळत नाही. गांडूळ माती गिळते, शिवाय ओलसर त्वचेतून मातीच्या कणांमधले पाणीही घेत असते, आणि त्या पाण्यात सुट्या आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) रूपात असलेले तांबे त्याला विशेष बाधते.

नाशिककडील काळ्या मातीचा सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) बहुधा 7.5 ते 8.5 असतो, तिच्यात चुनखडी असते आणि तिच्यातील चिकण कणांवरचा ऋणभार इतका मोठा असतो की तांब्याचे आयन तेथेच अडकून राहतात. कोकणातील जांभ्या मातीचा सामू अनेकदा 5 ते 6 असतो आणि तिची धन आयन धरून ठेवण्याची क्षमता काळ्या मातीच्या मानाने फारच कमी असते. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात आणि कणांवरचे तांबे सुटून पाण्यात येते. मात्र हेच हायड्रोजन आयन गांडुळाच्या त्वचेवरही तांब्याशी जागेसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे तांबे जितके विरघळते तितक्या प्रमाणात अपाय वाढत नाही. म्हणून केवळ सामू पाहून निष्कर्ष काढू नये. धन आयन विनिमय क्षमताही, म्हणजे वर सांगितलेली धन आयन धरून ठेवण्याची क्षमता, तपासून घ्यावी.

तुमच्या हाती सर्वांत मोठा उपाय सेंद्रिय कर्बाचा आहे, कारण तांबे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांना फार घट्ट बांधले जाते. कंपोस्ट नियमित द्यावे आणि सामू वाढवणारा चुना माती परीक्षणानुसारच घालावा, कारण अतिरेक झाल्यास पिकाला जस्त मिळेनासे होते.

तांबे कुजून नाहीसे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एक किलो मोरचुदात सुमारे 250 ग्रॅम तांबे असते. हेक्टरी 8 किलो मोरचूद जमिनीवर उतरले, तर वरच्या 15 सेंटिमीटर थरात दर किलो मातीमागे साधारण 1 मिलिग्रॅम तांबे वाढते.

तरीही सारा दोष तांब्यावर टाकण्याची घाई करू नका. आम्लता आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा यांनीही गांडुळे कमी होतात, म्हणून पावसाळा स्थिरावल्यावर बागेत आणि शेजारच्या, कधीही न फवारलेल्या जागेत सारख्याच आकाराचे खड्डे खणून गांडुळे मोजून पाहा.